तुझा डॉक्टर कोणता?

ऑफिसमध्ये दोन प्रकारचं पब्लिक असतं. एक, ज्यांना नवी सिरियल सुरू करायचीय. दुसरं, ज्यांनी ती कधीच संपवलीय. हे दुसऱ्या प्रकारातले महाभाग कॅन्टीनमध्ये नेमके आपल्यासमोर बसतात, डबा उघडतात आणि म्हणतात, ''अरे, तू अजून बघितली नाहीस?'' त्या 'अजून'मध्ये असा काही भाव असतो, की घास घशाखाली उतरत नाही. मग आपण विचारतो, ''किती सीझन आहेत?'' उत्तर येतं, ''फक्त आठ!'' झालं, दोन वीकेण्ड गेले कामातून.

आता कल्पना करा, ही सिरियल १९६३ साली सुरू झालीय. साडेआठशेहून जास्त भाग. हीरोचा चेहरा डझनाहून जास्त वेळा बदललेला. आणि सुरुवातीच्या काळातले शंभराच्या आसपास भाग तर खुद्द ते बनवणाऱ्यांनीच पुसून टाकलेले. अशी सिरियल बघायला घेणार कोण? आणि घेतलीच, तर कुठून?

तरीही दर पिढीत नवी पोरं तिच्या प्रेमात पडतात. सिरियलचं नाव 'डॉक्टर हू'. ब्रिटनच्या बीबीसीची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी फंडा दोन ओळींत सांगते. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी आहे. तो काळात आणि अंतराळात कुठेही जातो. त्याचं यान म्हणजे टार्डिस. ती बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या जुन्या निळ्या पोलिस बॉक्ससारखी दिसते, आत मात्र राजवाड्याएवढी जागा. बरोबर एखादी साधी, तुमच्याआमच्यासारखी सोबतीण किंवा सोबती. बस्स! बाकी सगळं दर आठवड्याला बदलतं.

दोन ब्रिटिश चाहते भेटले की एक प्रश्न हमखास निघतो, तुझा डॉक्टर कोणता? म्हणजे इतक्या नटांपैकी तुझा कोण? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, लहानपणी जो पहिल्यांदा पाहिला तो. आपल्याकडे रविवारी सकाळी टीव्हीवर काय लागायचं, हे विचारलं की माणसाचं वय कळतं. तसंच हे. मला या सिरियलपेक्षाही जास्त इंटरेस्ट आहे तो या उत्तरांमध्ये. माणूस फॅन होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि कोणत्या दारानं आत येतो?

शनिवार, सव्वापाच

पहिलं दार अगदी साधं होतं. शनिवारची संध्याकाळ आणि घरात एकच टीव्ही.

बीबीसीच्या ड्रामा विभागाचा प्रमुख होता सिडनी न्यूमन. मूळचा कॅनडाचा. त्याची अडचण मार्केटिंगवाल्यांना लगेच कळेल अशी. शनिवारी दुपारभर खेळांचा कार्यक्रम असे, त्याला बापमंडळी बसलेली. नंतर पॉप गाण्यांचा कार्यक्रम, त्याला तरुण पोरं. मधल्या वेळात मात्र प्रेक्षक गळायचे. ती फट भरायला आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालेल असं काहीतरी हवं होतं.

न्यूमननं हे काम दिलं व्हेरिटी लॅम्बर्टला. वय वर्षं २७, आणि त्या वेळी बीबीसीच्या ड्रामा विभागातली एकमेव स्त्री निर्माती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन. त्याचं वय २४! जन्म लखनऊचा, बालपणाची बरीच वर्षं आपल्या मुंबईत गेलेली, १९४६ मध्ये आईवडलांबरोबर इंग्लंडला पोचलेला. आई म्हणजे लेखिका अतिया हुसेन. म्हणजे जी सिरियल ब्रिटिश माणूस आपल्या चहाइतकी ब्रिटिश मानतो, तिचा श्रीगणेशा केला एका सत्तावीस वर्षांच्या बाईनं आणि मुंबईत वाढलेल्या चोवीस वर्षांच्या पोरानं. आपल्याकडे या वयात क्लायंट कॉलवर बोलायचीसुद्धा परवानगी मिळत नाही.

सुरुवात मात्र जाम खराब झाली. न्यूमनला पहिला भाग पसंत पडला नाही. त्यानं तो सरळ पुन्हा शूट करायला लावला. आणि नवा भाग प्रसारित झाला तो २३ नोव्हेंबर १९६३ ला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झालेली. अख्खं जग त्या बातमीत बुडालेलं असताना म्हातारा डॉक्टर आणि त्याचा पोलिस बॉक्स यांच्याकडे लक्ष कोण देणार? शेवटी पुढच्या शनिवारी, दुसऱ्या भागाच्या आधी, पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

त्या दिवशी टीव्हीसमोर जी पोरं होती, त्यातल्या अनेकांना गोष्टीआधी आठवतं ते टायटल म्युझिक. रॉन ग्रेनर या संगीतकारानं धून लिहिली. पण ती कानावर पडते त्या रूपात घडवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बिशायरनं. सिंथेसायझर हाताशी नव्हता. तिनं एकेक आवाज वेगळा तयार केला, टेपवर घेतला, टेप ब्लेडनं कापली, तुकडे जोडले. परिणाम असा की ऐकणाऱ्याला हे कुठलं वाद्य आहे तेच कळेना. ग्रेनर म्हणाला, श्रेय आणि पैसे तिलाही द्या. बीबीसीचा नियम आडवा आला, कारण ती पगारी नोकर. पडद्यावर तिचं नाव झळकलं २०१३ साली, पन्नासाव्या वाढदिवसाच्या खास भागात. तोवर तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

डबडं आणि खेळाचं मैदान

दुसरं दार म्हणजे डालेक.

न्यूमननं आधीच तंबी दिली होती, मोठ्या डोळ्यांचे राक्षस वगैरे फालतूपणा नको. लॅम्बर्टनं पाचव्याच आठवड्यात राक्षस आणले! टेरी नेशननं लिहिलेले आणि रेमंड क्युसिकनं डिझाइन केलेले डालेक. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. मिरपुडीच्या डबीसारखं एक धूड, पुढे दोन दांडे, वर एक डोळा. जमिनीवरून घरंगळत यायचं आणि चिरक्या यांत्रिक आवाजात सगळ्यांना संपवायची धमकी द्यायची.

सोमवारी ब्रिटनभरच्या शाळांमध्ये काय झालं असेल? पोरं डालेक झाली. बघा ना, किती सोपं आहे. दोन हात पुढे ताठ धरायचे, पाय न उचलता सरकायचं, नाकात बोलायचं. ड्रेस नको, पैसे नकोत. ज्या मुलानं तो शनिवार चुकवला असेल, त्याला खेळात घेणार कोण? पुढच्या शनिवारी तो टीव्हीसमोर हजर. मला वाटतं, फॅन होण्याचं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात प्रामाणिक कारण आहे. बाकीचे खेळतायत आणि आपल्याला नियम माहीत नाहीत. कॅन्टीनमधला तो 'अजून' याच घराण्यातला.

पुढची दोन-तीन वर्षं ब्रिटनमध्ये डालेकची लाट होती. खेळणी, पुस्तकं, दोन सिनेमे. टेरी नेशन लेखक, त्याचा हक्कांत वाटा होता, त्यानं चांगलंच कमावलं. क्युसिक पगारदार. महिन्याच्या पगाराबाहेर त्याला किरकोळ बक्षिसी तेवढी मिळाली. यंदाच्या अप्रेझलनंतर तुम्हाला फार वाईट वाटत असेल, तर क्युसिकला आठवा.

आणि भीती! ब्रिटिश इंग्रजीत सोफ्यामागे लपून टीव्ही बघणं हा वाक्प्रचारच या सिरियलमुळे रुळला. पोरं घाबरायची, लपायची आणि तरीही बघायची. आईबाबा त्याच खोलीत, चहाचा वास, बाहेर अंधार. घाबरायला यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? आपली आजी ओसरीवर भुताच्या गोष्टी सांगायची आणि आपण तिच्याच पदराखाली शिरायचो, त्यातलाच प्रकार.

चेहरा बदलला तेव्हा

१९६६ मध्ये प्रॉब्लेम झाला. डॉक्टरचं काम करणारा विल्यम हार्टनेल आजारी. संवाद लक्षात राहीनात. दुसरी कुठलीही सिरियल असती तर बंद पडली असती, किंवा गुपचूप नट बदलून 'काही झालंच नाही' असा आव आणला असता. इथे लेखकांनी कमाल केली. डॉक्टर माणूस नाहीच ना? मग त्याचं शरीर थकलं की तो नवं रूप घेतो. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल जमिनीवर पडला, चेहऱ्यावर प्रकाश पसरला आणि उठला तो पॅट्रिक ट्राउटन. नवा चेहरा, नवा स्वभाव. माणूस तोच, असं म्हणायचं.

मोठ्यांना ही आयडिया वाटली. पोरांना मात्र धक्का. तुमचा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत जातो आणि त्याच्या कपड्यांत कुणी परका उभा राहतो. पहिल्या आठवड्यात त्याचा राग येतो. तिसऱ्या आठवड्यात तो हसवतो. दोन महिन्यांनी तो आपला होतो. बॉस बदलल्यावर आपलंही थोडंफार असंच होतं, फक्त दोन महिन्यांच्या ठिकाणी दोन वर्षं लागतात.

तो प्रसंग एका तीन वर्षांच्या वेल्श मुलानं पाहिला. त्याचं नाव रसेल टी. डेव्हिस. त्याची अगदी सुरुवातीची आठवण हीच, असं तो सांगतो. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मायक्रोफोन, पेटी आणि आईला 'श्शू!'

आता गोष्ट जरा दुखरी होते.

त्या काळी व्हिडिओ टेप प्रचंड महाग. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर नटांच्या युनियनशी झालेल्या करारांची बंधनं. घरी व्हिडिओ बघणं ही कल्पनाच नव्हती. मग बीबीसीनं हिशेबी माणसानं केलं असतं तेच केलं. टेपा पुसून पुन्हा वापरल्या. फिल्मवरच्या प्रतीही टाकून दिल्या. हार्टनेल आणि ट्राउटनचे ढिगाने भाग असे गेले.

पण १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या काही घरांत एक विचित्र दृश्य दर शनिवारी दिसायचं. एखादा बारा-चौदा वर्षांचा मुलगा टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरसमोर धरून बसलाय. कुणी कप आपटला की डोळे वटारतोय. त्याला चित्र साठवता येत नव्हतं, म्हणून तो आवाज साठवत होता. रात्री अंथरुणात पडून पुन्हा ऐकायचा. बस, इतकंच. वारसा जतन वगैरे शब्द त्याच्या गावीही नव्हते.

आज स्थिती अशी आहे, की त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे. एकही अपवाद नाही. संस्थेनं पुसलं, पोरांनी राखलं. त्याच आवाजांवर पुढे अ‍ॅनिमेशन चढवून भाग नव्यानं तयार केले गेले. ट्राउटनची पहिली कथा २०१६ मध्ये अशीच परत आली. अधूनमधून खरे भागही सापडतात, आणि तेही भलत्याच ठिकाणी. २०१३ मध्ये जाहीर झालं, की नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रावर धूळ खात पडलेल्या फिल्म्समध्ये ट्राउटनचे नऊ हरवलेले भाग मिळाले. परदेशी विकलेल्या प्रती परत यायच्या राहिल्या होत्या, म्हणून वाचल्या. सरकारी गलथानपणाचे काही फायदेही असतात म्हणायचे.

ज्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता त्यांच्यासाठी पुस्तकं होती. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनानं जुन्या कथांच्या स्वस्त कादंबऱ्या काढल्या. त्यातल्या साठाहून जास्त एकट्या टेरन्स डिक्स या माणसानं लिहिल्या. साधी भाषा, छोटी प्रकरणं, पहिल्या पानापासून गोष्ट सुरू. १९८३ मध्ये या सिरियलची पहिली व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा तिची किंमत होती जवळजवळ ४० पौंड. पॉकेटमनीत कुठून बसणार? पुस्तक मात्र बसायचं, आणि लायब्ररीत तर फुकट. कितीतरी पोरांनी आपल्या जन्माआधीचे डॉक्टर असे वाचून पाहिले. अभ्यासाचं पुस्तक बघून पळणारी पोरं डिक्सच्या नादानं वाचायला शिकली, हे आज पन्नाशी-साठीतले अनेक ब्रिटिश लेखक कबूल करतात.

संपामुळे झालेले फॅन

सगळेच काही असे भक्तिभावानं आले नाहीत हं. काही जण निव्वळ नाइलाजानं आले.

१९७९ च्या शरद ऋतूत बीबीसीच्या प्रतिस्पर्धी वाहिनीवर, आयटीव्हीवर, संप झाला. पडदा कोरा. बघायला दुसरं होतंच काय? त्या दिवसांत डॉक्टर पॅरिसमध्ये मोनालिसाच्या चोरीत गुंतला होता. 'सिटी ऑफ डेथ' या कथेच्या शेवटच्या भागाला एक कोटी साठ लाखांवर प्रेक्षक मिळाले. नशीब असं, की समोर आलेली कथाही फर्मास होती. तिच्या लेखनात हात होता डग्लस अ‍ॅडम्सचा, तोच 'हिचहायकर्स गाइड'वाला. तो तेव्हा या सिरियलचा स्क्रिप्ट एडिटर म्हणून नोकरी करत होता. संपामुळे आलेल्या त्या प्रेक्षकांपैकी काही जण कायमचे राहिले. नेट बंद पडल्यावर कपाटातलं पुस्तक काढतो आणि मग त्यातच अडकतो ना, तसं.

त्या वेळचा डॉक्टर म्हणजे टॉम बेकर. कुरळे केस, वटारलेले डोळे आणि पायांपर्यंत लोळणारा मफलर. त्या मफलरची गंमत ठाऊक आहे? कॉस्च्युम डिझायनरनं विणणाऱ्या बाईंकडे भरपूर लोकर पाठवली. किती लांब विणायचा ते सांगायचं राहिलं. बाईंनी सगळी लोकर संपवली! तो मफलर घालून बेकर सात वर्षं, १९७४ ते १९८१, डॉक्टर होता. इतकी वर्षं पडद्यावर सलग कुणीच टिकलं नाही.

अमेरिकेत ही सिरियल पोचली मुख्यतः बेकरच्या चेहऱ्यानं. तीही मोठ्या चॅनेलवर दिसली नाही, पीबीएसच्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या स्टेशनांवर दिसली. अनेक गावांत शनिवारी रात्री उशिरा, भाग जोडून सिनेमाएवढे लांब केलेले. वर्गणी गोळा करायचे दिवस आले, की चाहते मफलर गुंडाळून स्टुडिओत यायचे आणि फोन घ्यायला बसायचे. म्हणजे पैसे दिले नाहीत तर आपली सिरियल जाईल, हे त्यांना थेट कळत होतं. ब्रिटिश मुलाला ती घरात लागलेली मिळाली. अमेरिकन मुलाला ती रात्री जागून शोधावी लागली. दोघांचं प्रेम तेवढंच, पण जातकुळी वेगळी.

सोळा वर्षांचा वनवास

१९८० चं दशक उतरणीचं. बीबीसीच्या वरच्या मंडळींचं मन उडालं होतं. १९८५ मध्ये सिरियलला दीड वर्षाची सक्तीची सुट्टी मिळाली. ६ डिसेंबर १९८९ ला शेवटचा भाग झाला. बंद करतोय असं कुणी धड जाहीरही केलं नाही. पुढचा सीझन आलाच नाही, एवढंच. १९९६ मध्ये पॉल मॅगनला घेऊन एक टीव्ही सिनेमा झाला, तोही पुढे सरकला नाही.

या काळात फॅन असणं सोपं नव्हतं. पुठ्ठ्याचे सेट, हलणाऱ्या भिंती यांवर विनोद करणं ही फॅशन होती. कॉलेजात मुलीशी बोलताना ही आवड लपवायची असते, हे त्या पिढीनं अनुभवातून शिकलं. आपल्यालाही हे माहीत आहे. आपण जे मनापासून ऐकतो ते एक आणि चार लोकांत सांगतो ते दुसरं.

तरी काही जण हलले नाहीत. १९७९ मध्ये सुरू झालेलं मासिक छापलं जात राहिलं. त्यात बातमीच नसायची, कारण सिरियलच नव्हती! १९९१ पासून नव्या कादंबऱ्या निघू लागल्या आणि त्या लिहिल्या चाहत्यांनी. मार्क गॅटिसनं लिहिली, पॉल कॉर्नेलनं लिहिल्या, रसेल टी. डेव्हिसनंही एक लिहिली. १९९९ पासून ऑडिओ नाटकं आली. त्यात जुने नट पुन्हा डॉक्टर झाले. थोडक्यात काय, तर टीव्हीनं टाकून दिलेली गोष्ट प्रेक्षक स्वतःच चालवत राहिले. बहुतेकांचा त्यावर पोट भरण्याइतका धंदा नव्हता. डेडलाइन होती ती दिवसाच्या नोकरीची. हे रात्रीचं काम.

आणि मग २६ मार्च २००५. सिरियल परतली. आणणारा कोण? तो तीन वर्षांचा वेल्श मुलगा, आता नावाजलेला टीव्ही लेखक.

डेव्हिसला जुन्या सव्वीस सीझनचा इतिहास पाठ होता. पण त्यानं पहिल्या भागात त्यातलं जवळजवळ काहीच सांगितलं नाही. भागाचं नावच 'रोज'. लंडनच्या दुकानात काम करणारी एकोणीस वर्षांची रोज टायलर. सकाळी अलार्म, बस, दुकान, बॉयफ्रेंड, पुन्हा घर. हे सगळं सुरुवातीच्या काही मिनिटांत, आणि मग दुकानाच्या तळघरात प्लास्टिकचे पुतळे हलायला लागतात. डॉक्टर कोण, हे तिला माहीत नाही, म्हणून ते तुम्हालाही माहीत नसलं तरी चालतं. त्या संध्याकाळी जवळपास एक कोटी आठ लाख लोकांनी तो भाग पाहिला. खरा फॅन कोण हे मला यावरून कळलं. आपल्याला किती माहीत आहे हे दाखवण्याचा मोह तो टाळतो आणि नव्या माणसाला बसायला जागा करून देतो.

त्यानंतर तर पोरांचं राज्यच आलं. डेव्हिड टेनंट तीन वर्षांचा असताना ही सिरियल बघून नट व्हायचं ठरवून बसला होता. २००५ मध्ये तो डॉक्टर झाला. पुढे त्यानं लग्न केलं ते १९८० च्या दशकातला डॉक्टर पीटर डेव्हिसन याच्या मुलीशी, आणि त्याआधी तिनं सिरियलमध्ये डॉक्टरच्या मुलीचीच भूमिका केली होती. आता बोला! पीटर कपाल्डीनं पंधराव्या वर्षी 'रेडिओ टाइम्स'ला लिहिलेलं कौतुकाचं पत्र १९७४ मध्ये छापून आलं. २०१३ मध्ये डॉक्टर म्हणून त्याचंच नाव जाहीर झालं. आणि ख्रिस चिबनॉल? १९८६ मध्ये हा शाळकरी पोरगा बीबीसीच्याच कार्यक्रमात बसून सिरियलच्या लेखकांना तोंडावर सुनावत होता, की तुम्ही काही बरं लिहीत नाही. २०१८ मध्ये ती अख्खी सिरियल त्याच्या हातात होती. तेव्हा सोफ्यावर बसलेली तरुण पोरं त्याच्याबद्दल तेच बोलली. फिट्टंफाट!

आपलं दार

आपल्याकडे या सिरियलला दूरदर्शनच्या आठवणींत जागा नाही. आपली पिढी आली ती २००५ नंतर, आणि आली हॉस्टेलच्या खोलीतून. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर एक फोल्डर. नाहीतर युकेला ऑनसाइट गेलेला कुणी, थंडीच्या रात्री घरमालकांच्या हॉलमध्ये बसून बघायला लागलेला. माझी एक मैत्रीण लीड्सला शिकत होती. ती म्हणते, पहिल्या सेमिस्टरला इंग्लिश लोकांशी बोलायला विषयच सापडेना, हवामान किती बोलणार? मग घरातल्या पाच जणी शनिवारी एकत्र 'डॉक्टर हू' बघायच्या, तिथे हिनं पहिल्यांदा मोठ्यानं मत मांडलं. डालेकचा खेळ, फक्त बावीसाव्या वर्षी.

आणि ११ नोव्हेंबर २०१८ ला प्रसारित झालेला 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग आपल्याला वेगळाच भिडतो. विनय पटेल यांनी लिहिलेला. तेव्हा डॉक्टर पहिल्यांदाच बाई झालेली, जोडी व्हिटेकर. तिची सोबतीण यास्मिन खान ही ब्रिटिश पाकिस्तानी घरातली. आजीचं तरुणपण बघायला ती १९४७ च्या पंजाबात जाते. आजीचं लग्न ठरलंय एका हिंदू तरुणाशी आणि फाळणीची रेघ त्यांच्या शेताजवळून जातेय. परग्रहवासी आहेत, पण खरी भीती त्यांची नाही. शाळेत ज्यांना हा इतिहास कुणी शिकवला नव्हता, अशा ब्रिटनमधल्या मुलांनी तो रविवारी संध्याकाळी घरच्यांच्या शेजारी बसून पाहिला. १९४६ ला मुंबईहून... म्हणजे फाळणीच्या एक वर्ष आधी इंग्लंडला गेलेल्या त्या मुलानं सुरू केलेली सिरियल फिरत फिरत तिथे पोचली, हे मला फार ग्रेट वाटतं.

आता मूळ प्रश्न. कुठून सुरू करायचं?

पहिल्यापासून? विसरा. २०२३ मध्ये बीबीसीनं ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी जुने आठशेवर भाग एकत्र ऑनलाइन आणले. त्यात नेमकी पहिलीच कथा नव्हती, हक्कांच्या भांडणामुळे! या सिरियलला 'पहिल्यापासून' मान्यच नाही. १९६३ ची पोरं सोडली तर प्रत्येक जण मधूनच आलाय. कुणी संपामुळे, कुणी मफलरमुळे, कुणी शाळेतल्या खेळामुळे, कुणी रूममेटमुळे.

माझं ऐकाल तर २००७ चा 'ब्लिंक' लावा. पाऊण तासाचा आहे. डॉक्टर त्यात जेमतेम दिसतो. दगडाचे पुतळे आहेत, त्यांच्याकडे बघत राहायचं, पापणी लवली की संपलं. कॅरी मलिगन नावाची तेव्हा फारशी कुणाला ठाऊक नसलेली मुलगी आहे. मागचं काही माहीत असण्याची गरज नाही. आवडला तर 'रोज'कडे जा. नाही आवडला तर पाऊण तास गेला, मीटिंगमध्ये याहून जास्त जातो.

आणि एक. ३१ मे २०२५ च्या भागात शूटी गाटवाच्या डॉक्टरनं रूप बदललं तेव्हा प्रकाशातून बाहेर आला तो चेहरा बिली पायपरचा, म्हणजे २००५ च्या त्या रोजचा. जुने चाहते ओरडले. त्याच वेळी कुठेतरी, आईशेजारी बसलेल्या एखाद्या सहा वर्षांच्या पोरीनं विचारलं असेल, ही कोण?

उद्या कॅन्टीनमध्ये कुणी तुम्हाला तसं विचारलं, तर 'तू अजून बघितली नाहीस?' असं म्हणू नका. जरा सरका, डबा पुढे करा आणि सांगायला लागा.